रुग्णसेवा हीच बुद्धसेवा



विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्याला अतिसार झाला होता व तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. हा आपल्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नसत. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग भिक्खूसंघाला बोलावून सांगितले, की ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी.

चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण तथागतांनी सांगितले. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य-कुपथ्य कळावे. लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने त्याने सेवा करावी. त्याला किळस येऊ नये. आणि रुग्णाला धम्माच्या शब्दांनी धीर देता यावा. यांतील चौथा गुण आज तपासून पाहू या.

आपल्या विक्रोळीत कन्नमवार नगर असो, टागोर नगर असो की पार्कसाइट, दुखणे आले की माणूस केस पेपर काढून रांगेत बसतो. तृतीयपंथीही त्याच रांगेत येतात. स्त्री म्हणून जगणाऱ्या भगिनीचे कागदावरचे नाव पुरुषाचे असते. ते मोठ्याने पुकारले की सारी बाके वळून पाहतात. ईसीजीसाठी कपडे बाजूला करावे लागतात. पडदा असतो, पण तो कोणी ओढत नाही. पायाची जखम दाखवायला आलेल्या व्यक्तीला तिच्या देहाविषयी भलतेच प्रश्न विचारले जातात. असा अनुभव आलेली व्यक्ती पुढचे दुखणे अंगावर काढते. रोग साधा असतो. अपमान त्याला असाध्य करतो.

ही किळस आपल्या ओळखीची नाही काय? परमपूज्य बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर आला, पण त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. आणि तो त्याच वाटेने परत आला. ती माता दगावली. औषध जगात होते, फक्त स्पर्श नव्हता. ज्यांच्या पूर्वजांनी हे भोगले, त्यांनी दुसऱ्याला किळसेने पाहावे काय?

कायदा आज स्पष्ट आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क तृतीयपंथीयांना मान्य केला. 2019 च्या कायद्याने आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास मनाई केली. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात 2023 साली त्यांच्यासाठी 30 खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. हे स्वागतार्ह आहे. परंतु ताप मोजायला, रक्त तपासायला विक्रोळीहून कोणी तेथवर जावे काय? महाडला 1927 साली आपण वेगळी विहीर मागितली नव्हती. सर्वांच्या तळ्यावर माणूस म्हणून उभे राहण्याचा हक्क मागितला होता. सर्वांच्या दवाखान्यातही तोच हक्क आहे.

वाचकहो, आपल्यातील कितीतरी जण दवाखान्यांत परिचारिका, आया, वॉर्डबॉय, कारकून आहेत. तुम्हाला मोठे काही करावयाचे नाही. कोणत्या नावाने हाक मारू, हे हळू आवाजात विचारा. पडदा ओढा. तपासणीला लागतील तेवढेच कपडे काढावयास सांगा. हात लावण्यापूर्वी सांगा. दुखण्याबाहेरचे प्रश्न विचारू नका. बघ्यांना बाहेर काढा. आणि जे दवाखान्यात नोकरीला नाहीत, त्यांनी रांगेत हसू नये. बाकावर सरकून जागा द्यावी.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आपल्या लोकांनी सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली. ती केवळ विहारात म्हणावयाची नाही. केस पेपरच्या खिडकीशी आणि मलमपट्टीच्या टेबलाशी तिची रोज परीक्षा होते. त्या परीक्षेत जो उतरला, त्याने तथागतांचीच सेवा केली.

भवतु सब्ब मंगलं.