ओव्यानं काय होणार होतं?

सरळ उभा राहा आणि ऐक. सातवीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलास, म्हणून बोलतोय. लेकराचे दोन्ही गाल कानाखाली टम्म सुजले आणि तू त्याला रुमाल बांधून चाचणीला पाठवलंस. वर मलाच म्हणतोस, "गालगुंडच आहे सर, सगळ्यांनाच होतं." सगळ्यांना होतं म्हणून वर्गभर वाटायचं असतं का? सूज दिसायच्या आधी दोन दिवस आणि दिसल्यावर पाच दिवस हा विषाणू खोकल्या-थुंकीतून पसरतो. पाच दिवस घरी ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं? चाचणी मी मागाहून घेतली असती.

तेही एक वेळ सोडतो. पण पुढं पोरगं बेंबीच्या वर हात दाबून कळवळत होतं. कळ पाठीत जातेय म्हणत होतं. पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. तेव्हा तू काय केलंस? ओवा चावायला दिलास! आजीनं दृष्ट काढली, गालांवर हळद-चुन्याचा लेप थापला आणि तू गेलास वावरात. हळद शिजायला लागली होती, भाड्याचा बॉयलर दारात होता, हे सगळं ऐकलं मी. वसमतच्या हळदीचा मलाही अभिमान आहे. पण पोराला दवाखान्यात न्यायला अर्धा दिवस तुला सापडला नाही?

पचनसंस्थेची आकृती मी तुझ्याच वर्गात फळ्यावर काढली होती. जठराच्या मागं, कण्याला लागून आडवं पसरलेलं स्वादुपिंड आठवतं? गालगुंडाचा विषाणू रक्तातून तिथंही पोचतो. स्वादुपिंडाला सूज आली की अन्न पचवायचे रस त्या अवयवालाच भाजून काढू शकतात. म्हणून कळ वरच्या पोटात उठते आणि पाठीकडं जाते, उलट्या थांबत नाहीत. असं थोड्याच जणांना होतं आणि त्यातलेही बहुतेक आठवड्याभरात बरे होतात. पण आपलं लेकरू त्या बहुतेकांतलं आहे की नाही, हे तू ओवा देऊन ठरवणार होतास? विषाणूवर औषध नाही हे खरं. तरी सलाईन लावता येतं, वेदना थांबवता येतात, रक्त तपासता येतं. आणि तपासणी जाणत्या डॉक्टरचीच लागते. रक्तातलं अमायलेज हे विकर तर नुसत्या गालाच्या सुजेनंही वाढतं, म्हणून लायपेज हे दुसरं विकर बघावं लागतं, गरज पडली तर सोनोग्राफी. लांब कुठं जायचं होतं? हिंगोलीत जिल्हा रुग्णालय आहे, 2024 पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे.

आता ते लसीचं कार्ड पुढं करू नकोस. नीट वाच. त्यावर गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यभर मोहीम झाली, तीही या दोनच रोगांची. गालगुंडाची एमएमआर लस आपल्या सरकारी यादीत नाही, खाजगीत पैसे मोजून घ्यावी लागते. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट ती बनवते आणि हिंगोलीच्या शेतमजुराच्या पोराला ती फुकट मिळत नाही, हा राज्यकर्त्यांचा दोष आहे आणि त्यांनाही मी हेच तोंडावर सांगेन. बालरोगतज्ज्ञांची संघटना कधीपासून ही लस मागते आहे. पण सरकार चुकलं म्हणून बापाची सुटका होत नाही.

थोरला दहावीत आहे ना? त्याला गालगुंड झालं आणि अंड सुजलं, तर लाजून गप्प बसू देऊ नकोस. धाकट्याला एका कानानं ऐकू येईना झालं तरी थांबू नकोस.

आणि आज संध्याकाळी आजारी पोराच्या बाकावरच्या दोघांच्या घरी तू स्वतः जायचंस. लागण झाल्यापासून गाल सुजायला दोन-तीन आठवडे लागतात, कधी पंचवीस दिवसही. तोवर लेकरांकडं लक्ष ठेवा, गाल सुजले तर शाळेत पाठवू नका, पोट दुखून उलट्या झाल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, असं त्यांना तुझ्या तोंडानं सांग.