भीमाशंकर येथील घंटा



पुणें जिल्ह्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर हें प्राचीन क्षेत्र आहे. बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना होते. भीमा नदीचा उगम तेथलाच. हीच पुढें पंढरपुरास चंद्रभागा म्हणविते. पावसाळ्याच्या अखेरीस मी तेथें गेलों. धुकें इतकें दाट कीं, पायऱ्या उतरतांना पुढच्या यात्रेकरूची पाठ तेवढी दिसे.

आवारांतील शनिमंदिरासमोर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिची घडण युरोपी. चिमाजी आप्पांनीं सन १७३९ त पोर्तुगीजांपासून वसई जिंकिली, तेव्हां तेथून ती आणिली असें सांगतात. नाशिकास नारोशंकराच्या देवळीं व वाईजवळ मेणवलीच्या घाटावरहि अशा घंटा आहेत. ती पाहतांच माझें मन फुगलें. ही तर आमच्या उपासनेची घंटा!

शेजारीं एक म्हातारी नातवाला उचलून धरून उभी होती. मीं विचारिलें, "मावशी, ही घंटा कोठली?" ती म्हणाली, "देवाची, बाबा." आणि मला भिजतांना पाहून तिनें आपल्या घोंगडीची अर्धी बाजू माझ्या डोक्यावर ओढिली. मी कोण, कोठला, हें तिनें विचारिलेंहि नाहीं.

बंधुभगिनींनो, त्या घोंगडीखालीं मला लाज वाटली. वसई सन १५३४ पासून दोनशें वर्षें पोर्तुगीजांकडे होती, आणि त्या राजवटींत त्या मुलुखांतील देवळें पाडिलीं गेलीं. ज्याचें देऊळ डोळ्यांदेखत पडलें, त्याच्या कानीं ह्या घंटेचा नाद शुभवर्तमान म्हणून कसा गेला असेल? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत पौल प्रीतीवांचून असलेल्या वाणीस नुसत्या धातूच्या आवाजाची उपमा देतो. तो अध्याय मीं लग्नसमारंभांत कितीदां वाचून दाखविला असेल! तेथें मात्र तो माझ्याच विरुद्ध वाचला गेला.

कारण माझ्या शेजाऱ्याशीं विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षें माझें बोलणें बंद होतें. दर रविवारीं आमच्या प्रार्थनामंदिराची घंटा त्याच्या अंगणांत ऐकूं जात असे, आणि ती वाजविणारा मीच. परतल्यावर ओल्या कपड्यांनींच मी त्याच्या दारीं गेलों. दार त्यानेंच उघडिलें. तो कांहीं बोलला नाहीं. आंत जाऊन त्यानें मला बसावयास घोंगडी आणिली.