सेवेची पंगत

वाचकहो, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी दातेरी चाकाची खूण असलेली पाटी तुम्ही पाहिली असेल. ती रोटरी क्लबाची. या क्लबाचे सभासद ठरलेल्या वारी एकत्र जेवतात, कोणा पाहुण्याचे भाषण ऐकतात, आणि त्याच बैठकीत शाळेस बाके द्यावी की वृद्धांस चष्मे द्यावे याचा विचार करतात. अमेरिकेत, जेथे ही चाल निघाली, तेथे पुष्कळ ठिकाणी हे जेवण दुपारचे असते. यावर कोणी विचारील, ज्यांस सेवा करावयाची आहे त्यांनी आधी स्वतः पोटभर जेवावे हे शोभते काय? ताटाचा पैसाच गरिबास का देऊ नये? प्रश्न रास्त दिसतो; परंतु दुखणे एकीकडे व लेप दुसरीकडे, असे त्याचे झाले आहे असे आम्हांस वाटते.

या क्लबाचा आरंभ सेवेने झाला नाही. शिकागो शहरी पॉल हॅरिस नावाचा एक वकील होता. तो लहान गावात वाढलेला; एवढ्या मोठ्या शहरात पक्षकार मिळाले, पण जिवाभावाचा मनुष्य मिळेना. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तो, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर व एक कपडे शिवणारा व्यापारी असे चौघे त्या इंजिनियराच्या कचेरीत जमले. पुढे आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमू लागले, त्यावरून क्लबास फिरत्या चाकाचे नाव पडले. एकेका धंद्याचा एकेकच सभासद घ्यावा व सर्वांनी एकमेकांस गिऱ्हाईक मिळवून द्यावे, हा त्यांचा बेत. कोणी कोणास किती धंदा दिला याची नोंदही ठेवली जात असे! १९०६ साली डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलास सभासद होण्यास बोलाविले, तेव्हा जी मंडळी केवळ आपल्यापुरतीच पाहते तीत आपणांस येणे नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. ते उत्तर त्यांस झोंबले असावे. क्लबाच्या हेतूंत नगरहिताची भर पडली, आणि १९०७ साली त्यांनी शिकागोत सार्वजनिक शौचकूप व्हावे म्हणून खटपट आरंभिली.

तेव्हा मैत्री आधी, सेवा मागाहून. यात आम्हांस दोष दिसत नाही. आपल्या गावी विहिरीचा गाळ काढावयाचा असला म्हणजे काय होते ते आठवा. ज्यांचे बोलणेचालणे आहे ते घमेले घेऊन येतात. ज्यांचे वाकडे आहे ते पाणी हवे असूनही येत नाहीत. एका पंक्तीस बसलेला मनुष्य मदतीस नाही म्हणताना अडखळतो. म्हणूनच या क्लबात हजेरीचा नियम फार कडक असे. लागोपाठ चार बैठका चुकल्या की नाव कमी होई. परगावी गेलेल्याने तेथील क्लबात जेवून ती हजेरी भरून काढावी लागे. २०१६ साली हे नियम पुष्कळ सैल झाले. (आपल्या मंडळ्यांतील हजेरीविषयी आम्ही येथे काही बोलत नाही.)

मग दुखणे कोठे आहे? ताटात काय वाढले यात नव्हे, तर पाटावर कोण बसला यात आहे. पुष्कळ वर्षे या पंक्तीस स्त्रियांस जागा नव्हती. सभासदांच्या घरच्या स्त्रियांनी १९२४ साली इंग्लंडात मँचेस्टर येथे आपले निराळे मंडळ काढले व सेवा चालविली. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे या गावच्या क्लबाने १९७७ साली तीन स्त्रियांस सभासद करून घेतले, तेव्हा दुसऱ्याच वर्षी त्या क्लबालाच मुख्य संस्थेने बाहेर काढले. ते लोक हटेना; स्वतःस ‘माजी रोटरी क्लब’ म्हणवून जमतच राहिले. वाद न्यायालयात गेला. आमचे जेवण ही स्नेह्यांची खाजगी गोष्ट आहे, असे संस्थेचे म्हणणे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ मे १९८७ रोजी ते मानले नाही. जेथे परगावचा सभासद, पाहुणा व वर्तमानपत्रवालाही येऊन बसतो, ती पंगत घरची कशी? १९८९ साली नियम सर्वत्र बदलला.

हे वाचून अमेरिकेस हसण्याचे आपणांस कारण नाही. आपल्या घरी पुरुषांची पंगत उठल्यावर चुलीपाशी कोण जेवते? आणि वेगळ्या पंक्तीस, किंवा पंक्तीबाहेर, बसविले जाणे म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांच्या आजापणजांनी सोसले त्यांस आम्ही सांगावयास नको. जो आपणांस अन्न देतो पण आपणांबरोबर जेवत नाही, त्याचे अन्न घशाखाली उतरते, त्याची मैत्री उतरत नाही.

रोटरीचे मोठे कार्य आम्ही नाकारीत नाही. १९८५ सालापासून पोलिओ नाहीसा करण्यास या संस्थेने अपार पैसा व श्रम वेचले. हिंदुस्थानात त्या रोगाचा अखेरचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. पण त्या मोहिमेत घरोघर दार ठोठावून बालकांच्या तोंडी थेंब घालणाऱ्यांत खेडोपाडीच्या अंगणवाडीच्या बाया किती होत्या! त्यांच्यावाचून ते थेंब पेटीतच राहिले असते.

एकदा अशाच एका दुपारच्या जेवणास आम्हांस बोलावणे होते. घंटा झाली, जेवण झाले, मग एका खेड्याच्या पाणीटंचाईवर भाषण झाले, व तेथील विहीर खोल करण्यास रक्कमही जमली. मंडळी मनाची चांगली होती. परतताना आमच्या गाडीच्या चालकास आम्ही ही वार्ता सांगितली. तो बाहेर लिंबाखाली फडक्यातली भाकरी खाऊन बसला होता. त्यास आत बोलवावे हे आम्हांसही सुचले नव्हते. तो म्हणाला, “ते माझंच गाव, साहेब. विहिरीला पाणी हाय. वाट एकाच्या बांधावरनं जाते, ती त्यानं दोन वर्सं झाली काटं लावून बंद केलीया.”

आम्ही चिटणिसांस पत्र लिहिले. त्यांनी उलटटपाली, मोठ्या सौजन्याने, त्या चालकासच पुढील बैठकीस जेवावयास पाठवावे असे कळविले. आम्ही निरोप सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, बैठक भर दुपारची, तेव्हा त्या दिवसाचा रोज कोण देणार?