रक्त कोणाचं?

पंचवटीत मामांच्या वाड्यामागे अजून एक तबेला टिकून आहे. त्यात एकच घोडी, चांदणी. लग्नाच्या वरातींना जाते. परवा ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या तपासणीसाठी तिचं रक्त घ्यायला मी गेले, तेव्हा मामा खरारा करत होते. मानेची शीर अंगठ्याने दाबली, सुई घातली, तशी तिने फक्त कान मागे घेतला. कुपी कोनाड्यात उभी करून ठेवली. रक्त साकळेपर्यंत थांबावंच लागतं.

"हे जाणार कुठं?" मामांनी विचारलं.

"आधी प्रयोगशाळेत. काही शंका आलीच तर शेवटचा निवाडा हिसारला. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे तिथं."

"म्हणजे सरकारी पैसा. आणि घोडे कोणाचे? महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पळवणाऱ्यांचे. माझ्या चांदणीला नालबंद मिळायची मारामार, त्यांच्या घोड्याला एक्स-रे."

"मामा, रोगाचे जंतू मालक बघत नाहीत. 2006 मध्ये ग्लँडर्स आपल्याच राज्यात निघाला होता. तो माणसालाही होतो, आणि पहिला होतो तो खरारा करणाऱ्याला."

त्यांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"मान्य. पण लाभ त्यांनाही होतोच ना? मग या संशोधनाचा पैसा त्यांनी भरावा."

मी त्यांना इंग्लंडचं सांगितलं. तिथे 1961 च्या कायद्याने शर्यतीवर पैज घेणाऱ्यांवर पट्टी बसवली. ती गोळा करणाऱ्या मंडळाच्या कर्तव्यांत पशुवैद्यकाला चालना देणं असं लिहूनच ठेवलंय. आपल्याकडे शर्यतीच्या पैजेवर जीएसटी आहे, आधी 28 टक्के, सप्टेंबर 2025 पासून 40. तो सरकारच्या एकाच हंड्यात जातो. शर्यतवाले म्हणतात, आमचा वाटा आम्ही दिला.

"दारूवालाही कर भरतो," मामा म्हणाले. "म्हणून त्याचा हक्क लागतो का?"

"नाही लागत. पण पट्टीतही एक मेख आहे. ज्याचा पैसा, त्याचा प्रश्न. शर्यतीचा पैसा विचारणार, पळताना फुप्फुसातून रक्त का येतं, पायाची कंडरा कशी भरून येईल. वीटभट्टीवरच्या गाढवाच्या पाठीवर ओझ्याने पडलेली जखम कोण विचारणार?"

"आणि सरकारी पैशाने विचारलं का तेवढ्या जोरात?"

मी गप्प बसले. 2012 मध्ये देशात घोडे, खेचरं, गाढवं मिळून सुमारे साडेअकरा लाख होती; 2019 च्या पशुगणनेत साडेपाच लाख उरली. गाढवं तर सात वर्षांत साठ टक्क्यांनी घटली. ज्यांचं पोट या जनावरांवर आहे ते कुंभार, बेलदार, वीटभट्टीवाले अर्ज घेऊन दिल्लीला जात नाहीत. जनावर कमी झालं की त्याचा प्रश्नही आपोआप लहान होतो, हे मला रोज दिसतं आणि रोज खटकतं.

कोनाड्यातल्या कुपीत आता गुठळी खाली बसली होती. वर पिवळसर, नितळ सीरम आलं होतं.

"हे बघा मामा. बाबांना पेठला भाताच्या खाचरात घोणस चावली होती, आठवतं? तेव्हा जे इंजेक्शन दिलं, ते यातूनच होतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, मग त्याच्या रक्तातून औषध काढतात. पिंपरीला हाफकिनचे घोडे त्यासाठीच असतात. एके काळी पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला जायचे. त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली."

मामांनी कुपी उजेडाकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"म्हणजे शर्यतीचे उपकार म्हणायचे?"

"तसं म्हणणारे आहेत."

"देणारा मालक असेल. रक्त कोणाचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मला माझ्याच बाजूला वळवून गेलं. ऋण घोड्याचं आहे, रेस क्लबचं नव्हे. म्हणजे सरकारने घोड्यावर खर्च करावा, मालक कोणीही असो. फक्त आधी कोणत्या जनावराचं दुखणं बघायचं, हे शर्यतीने ठरवू नये. मी तसं म्हणालेही.

मामा हसले नाहीत. "आणि तुझ्या या सरकारी संशोधनाने शर्यतीच्या घोड्याची कंडरा बरी झाली, तर त्याला काय करतील?"

"पुन्हा पळवतील."

"मग त्याला बरं केलंस की पळवलंस?"

"जे औषध फक्त लवकर मैदानात उतरवण्यासाठी शोधायचं, त्याचा पैसा क्लबने द्यावा," मी म्हणाले. बोलता बोलता चांदणीच्या पुढच्या डाव्या पायाकडे लक्ष गेलं. डांबरावर, डीजेच्या दणक्यात चार-चार तास उभी राहते ती. घोट्याच्या वर कंडरा सुजली होती. तीच कंडरा, तेच औषध. माझी रेघ त्या सुजेवरून पुसली गेली.

मी चिठ्ठी भरायला घेतली. घोडी, पांढरी, वय नऊ.

"दोष निघाला तर मारतात ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. कायदाच आहे तसा. भरपाई मिळते."

चंदीची पिशवी तिच्या तोंडाला बांधून ते म्हणाले, "उद्या भट्टीवर जाणार आहेस? या भीतीने गाढवं लपवतील ते. मी येतो. माझ्या चांदणीची सुई दाखवली तर आणतील बाहेर."