'कुणासाठी?' : स्त्रीवेशाची खरेदी, असत्य आणि अभिरुची

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या किंवा मुंबईत दादरच्या एखाद्या जुन्या साडीच्या दुकानातील व्यवहार लक्षपूर्वक पाहिला, तर परिचयामुळे नजरेआड झालेली एक गोष्ट ध्यानात येते. पांढरी चादर अंथरलेल्या गादीवरचा विक्रेता साडीची घडी मोडतो, काठ-पदर उलगडतो आणि नेसल्यावर ती कशी दिसेल याचा अंदाज यावा म्हणून स्वतःच्याच अंगावर लावून दाखवतो; प्रसंगी उभा राहून निऱ्या काढतो, पदर खांद्यावर टाकतो. विक्रेता पुरुष असतो, समोर बहुधा स्त्रिया असतात आणि त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. त्याच गादीसमोर आणखी एक पुरुष बसलेला असू शकतो, ज्याला साडी स्वतःसाठी हवी आहे. 'कुणासाठी दाखवू?' असे विचारले जाताच तो 'मिसेससाठी' असे उत्तर देतो. पहिल्याने सर्वांदेखत साडी अंगावर घेतली आणि त्याला कसलाही खुलासा करावा लागला नाही. दुसऱ्याने तिला अजून हातही लावलेला नाही आणि तो असत्य बोलून चुकला आहे.

हे असत्य नैतिकदृष्ट्या कोणत्या प्रकारचे आहे, त्याने नेमकी कुणाची हानी होते आणि तिची भरपाई कशी संभवते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे. प्रारंभीच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. 'स्त्रीवेशधारी' हा शब्द येथे स्वतःला पुरुष मानणाऱ्या, पुरुष म्हणूनच व्यवहारात वावरणाऱ्या, परंतु स्वतःच्या समाधानासाठी अधूनमधून स्त्रीचा वेश करणाऱ्या व्यक्तीपुरता योजला आहे. हिजडा समाज, पारलिंगी स्त्रिया किंवा समलिंगी पुरुष यांचे प्रश्न याला काही ठिकाणी स्पर्श करतात. पण ते हेच प्रश्न नव्हेत. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१०च्या आपल्या ग्रंथात वेशाची ओढ आणि समलिंगी आकर्षण या दोन भिन्न गोष्टी असल्याचे दाखवले होते. हा भेद सामान्य व्यवहारात अजूनही पुरता रुजलेला नाही, आणि दुकानातील असत्यामागच्या भयाचे एक कारण तेही आहे.

पुरुषाच्या अंगावरची साडी मराठी संस्कृतीला अपरिचित नाही. तिची किमान तीन मान्य रूपे दाखवता येतात. पहिले रूप धार्मिक आहे. सौंदत्तीच्या यल्लम्मेला वाहिलेला जोगता साडी नेसतो तो देवीची आज्ञा म्हणून. २००९च्या 'जोगवा' या चित्रपटाने या आज्ञेतील सक्ती आणि तिच्यामुळे होणारी माणसाची कोंडी मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आणली. दुसरे रूप लोकरंजनाचे. तमाशातला नाच्या फडाची गरज म्हणून उभा राहतो. आनंद यादव यांच्या 'नटरंग' कादंबरीतील गुणा हा कलेच्या ओढीपायी ती भूमिका पत्करतो आणि तिची जबर किंमत मोजतो. तिसरे रूप अभिजन रंगभूमीचे. संगीत नाटकातील 'स्त्रीपार्टी' नट संहितेने नेमून दिलेली स्त्री साकारतो. पुराणकथेतही हाच न्याय आढळतो : अर्जुनाची बृहन्नडा होते ती शापामुळे आणि अज्ञातवासाच्या अटीमुळे.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. साडी पुरुषाकडे अन्य कुठून तरी आलेली आहे. ती देवीने नेसवली, फडाने दिली, संहितेने मागितली, शापाने लादली. 'मला ती हवी होती' हे वाक्य यांपैकी कुणालाही उच्चारावे लागत नाही. गुणाला ओढ आहे ती तमाशाची; साडीची नव्हे. संस्कृतीने स्त्रीवेशाला मान्यता दिली ती इच्छा वगळून, असे या निरीक्षणाचे सार सांगता येईल. विक्रेत्याची निर्धास्तताही याच नियमात बसते : त्याच्या खांद्यावरचा पदर धंद्याने टाकलेला असतो. खरेदीला आलेल्या स्त्रीवेशधाऱ्याजवळ मात्र असे कोणतेही पालकत्व नसते. पैसे मोजून वस्तू घेणे ही निवडीची सर्वांत उघड कृती होय. देणारा कुणीच नसल्यामुळे इच्छेची मालकी दुसऱ्यावर टाकता येत नाही. म्हणून तो एक देणारी, किंवा अधिक अचूक सांगायचे तर मागणारी, कल्पून घेतो. 'मिसेससाठी' या उत्तराचे खरे कार्य हे आहे. गुपित राखणे हा त्याचा वरवरचा हेतू. आपली इच्छा अनुपस्थित स्त्रीच्या नावावर चढवणे हा त्याचा गाभा आहे.

या असत्याने विक्रेत्याची फसवणूक होते काय? झालीच तर ती नाममात्र होय. 'कुणासाठी?' हा प्रश्न तो कुतूहलापोटी विचारत नाही. वय, वर्ण, प्रसंग आणि खर्चाची तयारी यांचा अदमास त्याला हवा असतो. साडीची मोठी उलाढाल भेटीगाठींच्या व्यवहारावर चालते. लग्नातला मानपान, आहेर, ओटी, पाडवा, भाऊबीज अशा निमित्तांनी साडी एका हातून दुसऱ्या हाती जाते. नेसणारी एक आणि घेणारा दुसरा हे या दुकानात नित्याचे आहे, आणि स्त्रीवेशधाऱ्याचे असत्य याच रिवाजाच्या आडोशाने खपून जाते. विक्रेत्याला खोटी माहिती मिळाली तरी त्याचे मोल चुकते झालेले असते.

कांटने १७९७च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, परोपकारासाठीसुद्धा खोटे बोलण्याचा अधिकार कुणाला नाही, अशी कठोर भूमिका घेतली. महाभारताची दृष्टी तुलनेने सैल आहे. प्राण किंवा सर्वस्व धोक्यात असताना बोललेल्या असत्याला तिथे दोष मानलेला नाही. स्त्रीवेशधाऱ्याच्या बाजूने या दुसऱ्या दृष्टीचा आधार सहज घेता येईल. नोकरी, भावंडांची लग्ने, आईवडिलांची प्रतिष्ठा हे त्याच्या दृष्टीने सर्वस्वच असते. शिवाय सत्याची मागणी करणाऱ्या समाजाचा अधिकारही तपासावा लागतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात, नोंद झालेल्या 'षंढ' व्यक्तीने रस्त्यावर, किंवा रस्त्यावरून दिसावे अशा बेताने, स्त्रीचा पोशाख वा दागिने घालणे हा वॉरंटाविना अटकेस पात्र असा गुन्हा ठरवला होता. पोशाख ही अभिव्यक्ती आहे आणि तिला संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात स्पष्ट केले ते २०१४ साली. ज्या व्यवस्थेने दीर्घकाळ या दिसण्याला शिक्षा वा उपहास दिला, तिला प्रांजळपणाचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार फारसा उरत नाही. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३च्या 'स्टिग्मा'त, ज्यांचा कलंक उघड झालेला आहे आणि ज्यांचा तो कोणत्याही क्षणी उघड होऊ शकतो, असे दोन वर्ग केले. दुसऱ्या वर्गातील माणसाचे सारे जीवन माहितीच्या व्यवस्थापनात खर्ची पडते. अशा माणसाच्या तोंडून निघालेले दोन अक्षरी असत्य आणि स्वार्थासाठी रचलेली लबाडी यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे ठरेल.

तथापि, असत्य क्षम्य ठरल्याने ते निरुपद्रवी ठरत नाही. त्याची एक हानी पत्नीची होते. तिला काही ठाऊक नसेल, तर तिची आवड, तिचा वर्ण, तिचे वय यांची चर्चा तिच्या अपरोक्ष आणि तिच्याशी संबंध नसलेल्या कारणासाठी होते. तिचे नाव परवाना म्हणून वापरले जाते. घरातील दीर्घ मौन हा याहून मोठा प्रश्न असला, तरी त्या मौनाची एक वीट इथे रचली जाते.

दुसऱ्या हानीची दखल मात्र सहसा घेतली जात नाही, आणि समीक्षेच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. ही हानी अभिरुचीची होय. 'मिसेससाठी' असे म्हटल्यानंतर तो साडी स्वतःच्या हाताशेजारी धरून रंग पाहू शकत नाही. स्वतःची उंची, रुंद खांदे, सावळा वर्ण यांना कोणता काठ साजेल, हे विचारू शकत नाही. त्याला एका काल्पनिक स्त्रीसाठी निवड करावी लागते आणि विक्रेत्याचा अनुभवी सल्लाही तिलाच मिळतो. साडीला माप नसते ही त्यातल्या त्यात सोय. पण ब्लाऊज आला की ती संपते. शिंप्याला देह हवा असतो, नाहीतर मापाचा जुना ब्लाऊज हवा असतो, आणि याच्याजवळ दोन्ही नसते. स्त्री-पुरुषांच्या पाट्या लावलेल्या कपडे बदलण्याच्या खोल्यांपैकी कोणत्या दारातून आत जावे, हेही ठरत नाही. परिणामी घाईने, अंदाजाने, न शोभणारे आणि न बसणारे असे काहीतरी विकत घेतले जाते. घरपोच खरेदीच्या सोयीने विक्रेत्याचा प्रश्न टळला; परंतु तोच प्रश्न आता पार्सल हाती घेणारे घरातले माणूस विचारते, आणि कापडाचा पोत पडद्यावरच्या छायाचित्रावरून ताडावा लागतो.

कांटनेच १७९०च्या ग्रंथात रसनिर्णयाचे जे स्वरूप सांगितले ते येथे उपयोगी पडते. एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणणारा इतरांच्या सहमतीची अपेक्षा धरतो. म्हणजे अभिरुची ही व्यक्तीची असूनही तिचा पत्ता सार्वजनिक असतो. दाखवणे, विचारणे, चुकणे, कुणी हसणे, कुणी सुधारणे यांतून ती घडते. मुलगी आईबरोबर, बहिणीबरोबर, मैत्रिणींबरोबर दुकानात बसून हे शिक्षण नकळत घेते. स्त्रीवेशधारी या शाळेबाहेर राहतो. त्याच्या वेशातील भडकपणाची थट्टा केली जाते, तेव्हा तो भडकपणा स्वभावाचा नसून एकांतात वाढलेल्या रुचीचा असू शकतो, हे ध्यानात घेतले जात नाही.

बालगंधर्वांचे उदाहरण या मुद्द्याची उलट बाजू दाखवते. 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६), 'एकच प्याला' (१९१९) या नाटकांतील त्यांच्या नायिकांचे शालू, दागिने, केशरचना, पदर घेण्याची ढब यांचे प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी अनुकरण केले, ही इतिहासाने नोंदवलेली गोष्ट आहे. यात त्यांची प्रतिभा होतीच. परंतु त्यांची निवड उघड होती, हेही विसरता येत नाही. ती प्रेक्षागृहात तपासली जात होती, वाखाणली जात होती, आणि म्हणून परिपक्व होत होती. परवाना रंगभूमीचा होता. रुची मात्र त्यांची स्वतःची झाली.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. पुरुषांनी घडवलेल्या स्त्रीत्वाचे स्त्रियांनी अनुकरण करावे, यात आनंद मानण्याजोगे काय आहे? कॅथरिन हॅन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी, स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांनी स्त्रीच्या सार्वजनिक प्रतिमेची घडण कशी केली, हे दाखवले आहे. ज्या समाजात अनेक स्त्रियांच्या वाट्याला स्वतःची साडी स्वतः निवडण्याचे स्वातंत्र्यही उशिरा आले, तिथे स्वतःच्या कमाईवर साडी निवडणारा पुरुष हा विशेषाधिकारीच नव्हे काय? आक्षेप योग्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र त्याचा रोख निवडीवर नसून निवडीच्या विषम वाटणीवर आहे. साडी हवी असण्याची लाज पुरुषाने बाळगावी, कारण ती बायकी वस्तू आहे, ही धारणा स्त्रीलाच हीन लेखणारी असते. स्त्रीच्या वेशाची ओढ हे अधःपतन मानणाऱ्याने स्त्रीचे स्थान आधीच ठरवून टाकलेले असते. जुडिथ बटलर यांनी १९९३मध्ये आपल्या आधीच्या मांडणीचा खुलासा करताना, लिंगभाव म्हणजे सकाळी कपाटातून मनाला येईल तो पोशाख काढून घालणे नव्हे, असे बजावले. साडीच्या दुकानातील प्रसंग या खुलाशाची प्रचीती देतो. कपाट भरण्याआधीच प्रश्न उभा असतो, आणि त्याच्या उत्तरात समाजाचा सारा संकेतव्यूह बोलत असतो.

मग कर्तव्य कोणते? प्रत्येक स्त्रीवेशधाऱ्याने दुकानात आत्मकथन करावे, असा आग्रह धरणे हा दुसऱ्याच्या जिवावर केलेला नैतिक पराक्रम ठरेल. शहर, जात, वर्ग, घर यांनुसार धोक्याचे प्रमाण बदलते आणि त्यानुसार सत्याचा भारही बदलला पाहिजे. परंतु न सांगणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. 'जरा उंच व्यक्तीसाठी, सावळ्या रंगाला शोभेल अशी दाखवा' या वाक्यात कबुली नाही, पण असत्यही नाही. कुणाचे नाव त्यात उसने घेतलेले नाही, आणि सल्ला योग्य देहापर्यंत पोचतो. त्यापुढचे 'मलाच हवी आहे' हे वाक्य ज्याला शक्य असेल त्याने उच्चारावे. त्याने विक्रेता क्षणभर थबकेल, कदाचित हसेलही. अपमानाची शक्यता खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. परंतु त्याचा मूळ प्रश्न धंद्याचा होता, आणि धंद्याच्या प्रश्नाला मिळालेले खरे उत्तर पुन्हा धंद्याचेच प्रश्न निर्माण करते : काठ मोठा हवा की लहान, रेशीम की सुती, किती किमतीपर्यंत. या प्रश्नांना स्वतःच्या नावाने उत्तर देता येणे, ही स्त्रीवेशधाऱ्याला आजवर न मिळालेली गोष्ट आहे. साडी तो कशीही मिळवू शकतो. ती आपल्याला शोभते की नाही, हे मात्र त्याला एकट्याने ठरवता येत नाही.