पोटासाठी आलेला बाप

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सणसवाडीत कारखाने आले, त्यांच्यामागे पोटासाठी दूरदूरची माणसे आली. भाड्याची खोली, रात्रपाळी, आणि उरेल ते पोरांच्या शाळेला. असा एखादा बाप राबता राबता गेला की लोक म्हणतात, "बाहेरचा होता बिचारा. जन्मभर संसारच केला, परमार्थ राहिला."

आम्ही विचारतो, आपला विठोबा तरी कुठला? रुसलेल्या रुक्मिणीला शोधीत तो द्वारकेहून दिंडीरवनात आला, ही कथा आपण ऐकतोच. म्हणजे देवही परगावचा, आणि आला तो घरच्या माणसासाठी!

मग संसार केला एवढ्यानेच भक्ती झाली काय? नव्हे. आपल्या पोरांसाठी दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडचा घास काढला, तर तो मोह. आपल्यातली अर्धी भाकर शेजारच्या खोलीत दिली, तर तीच सेवा. नाथमहाराजांनी पैठणास घरात राहूनच परमार्थ साधला.

शेजारच्या कोरेगावावरून वाहणारी भीमाच पंढरीस चंद्रभागा होते. तिला तेथे कोणी बाहेरची म्हणत नाही. तेव्हा माळकरी हो, अशा बापाच्या दहाव्याला टाळ घेऊन त्याच्या दारी जा. त्याच्या पोरांना कळू द्या की, आपला बाप या गावचा होता.