मीठ किती घालायचं?

आजचं वाचन : कलस्सैकरांस पत्र ४:२-६



हे पत्र लिहिताना पौल बंदिवासात आहे. तरी तो सुटकेसाठी नाही, तर वचनासाठी दार उघडावं म्हणून प्रार्थना मागतो. मग मंडळीबाहेरच्या लोकांविषयी सांगतो : त्यांच्याशी सुज्ञपणे वागा, वेळ साधा आणि तुमचं बोलणं कृपेचं, मिठाने रुचकर केल्यासारखं असू द्या. म्हणजे कोणाला कसं उत्तर द्यायचं ते कळेल.

मी मूळचा दर्यापूरचा. आमच्याकडे मिठाचा विषय जरा नाजूकच! आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीत पाणी आहे, पण खारं. तहानलेल्याच्या कामाचं नाही, आणि पिकाला देत राहिलं तर काळी जमीनच बिघडते.

एकदा माझं बोलणंही तसंच झालं. गावाकडच्या माझ्या एका जिवलग मित्राचे वडील वारले. तो ख्रिस्ती नाही. मी पुण्याहून रातोरात निघालो. वाटभर मनात एकच, ही संधी वाया जाऊ द्यायची नाही. ओसरीवर बसलो आणि सार्वकालिक जीवनावर अर्धा तास बोललो. मोबाइलवर वचनं काढून दाखवली. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “बाप गेला ना बे माहा. आज नुसता बस ना.”

मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. पण त्याला प्यायला खारं पाणी दिलं होतं.

काही महिन्यांनी उलट झालं. ऑफिसात डबा खाताना एका सहकारी मुलीने विचारलं, “तू जेवणाआधी डोळे मिटतोस, खरंच कोणी ऐकतं का रे?” तिची आई तेव्हा दवाखान्यात होती. आणि मी? “अगं, सवय आहे लहानपणापासून,” म्हणून हसलो आणि विषय बदलला.

कोणी विचारलं नव्हतं तिथे मी खारट झालो, आणि विचारलं तिथे अळणी. असं का झालं? पौल वेळेसाठी ‘कैरोस’ हा ग्रीक शब्द वापरतो. घड्याळातली वेळ नव्हे, तर योग्य घडी. त्यासोबतचं क्रियापद बाजारातलं आहे : विकत घेणं. विकत घ्यायचं म्हणजे किंमत मोजावी लागणार. मित्राच्या ओसरीवर किंमत होती माझं गप्प बसणं. ऑफिसात किंमत होती थोडी लाज. दोन्ही वेळा मी खिशात हातच घातला नाही.

इथे मला रेव्ह. ना. वा. टिळक आठवतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा रंगल्या त्या काव्यावर! टिळक कवी होते, आणि समोरच्या माणसाला जे प्रिय होतं तिथूनच त्याने सुरुवात केली. निरोप घेताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि वाचायला सांगितलं. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा बाप्तिस्मा झाला. 

आणि टिळकांच्या घरातच केवढी परीक्षा होती! लक्ष्मीबाईंना हे पाऊल मान्य नव्हतं, दोघांची ताटातूट झाली. पुढे त्या परत आल्या, पण येशूला त्यांनी स्वीकारलं ते स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मला अर्धा तास धीर धरवला नव्हता.

म्हणून गप्पच बसायचं का? नाही. पौल ‘उत्तर’ म्हणतो, आणि उत्तर द्यायचं तर आधी प्रश्न ऐकावा लागतो. प्रश्न आला की मग मागे सरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडे गेलो. म्हटलं, “काल मी टाळलं. हो, तो ऐकतो असा माझा विश्वास आहे. आईचं नाव सांगशील? मी प्रार्थना करेन.” तिने नाव सांगितलं.

मित्राने अजून काही विचारलेलं नाही. गावी गेलो की मी त्याच्या ओसरीवर बसतो. तो कपाशीबद्दल बोलतो, मी ऐकतो.

आज स्वतःला विचारा : मी कुठे खारट होतो? कुठे अळणी?

प्रार्थना : प्रभू येशू, बोलायची घडी आणि ऐकायची घडी मला ओळखू दे, आणि तिची किंमत मोजायची तयारी दे. आमेन.